हा वाफा तुझा

बायांनो आणि बाप्यांनो, एक साधा प्रश्न विचारतो. काल तुमच्या मुलाने कोणती भाजी खाल्ली? आठवून पाहा. पालेभाजी होती का? की भाकरीचा तुकडा, थोडी डाळ आणि दुकानातला पुडा?

हाच प्रश्न एका घरात निघाला. तेव्हा कोणालाच उत्तर देता आले नाही. त्या घराची गोष्ट ऐका. नावे सांगत नाही. अशी घरे गावोगाव आहेत.

मळा भरला, ताट रिकामे

घर शेतकऱ्याचे. तीन एकर बागायत. मळ्यात टोमॅटो आणि कोबी. पहाटे उठून माल क्रेटमध्ये भरायचा, टेम्पोत चढवायचा आणि बाजारात न्यायचा. घरासाठी मागे काय उरायचे? फुटका टोमॅटो आणि किडका कोबी. हातात पैसा येई, पण ताटात हिरवा पाला येत नसे.

घरात नऊ वर्षांचा मुलगा होता. भाजी दिसली की तो ताट सरकवी. मग आई त्याला दहा रुपये देई. तो धावत दुकानात जाई आणि चटकदार पुडा घेऊन येई. आईला वाटे, पोर उपाशी राहण्यापेक्षा काहीतरी खाते, हे बरे.

एके दिवशी शाळेत मुलांची तपासणी झाली. नर्सबाईंनी या मुलाच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाली नव्हती. बोटाला टोचून रक्त तपासले. मग आईला बोलावणे आले.

नर्सबाई म्हणाल्या, "ताई, याच्या अंगात रक्त कमी आहे. धावताना याला दम लागतो का? वर्गात पेंगतो का?"

आईच्या डोळ्यांत पाणी आले. ती म्हणाली, "बाई, मी तर त्याला आळशी म्हणून बोलत होते. कालच धपाटा घातला."

नर्सबाईंनी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. जंताची गोळी दिली. गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावले आणि म्हणाल्या, "गोळी चुकवू नका. पण गोळी जन्मभर पुरत नाही. ताटात रोज भाजी पाहिजे."

असे हे एकच मूल नाही. २०१९ ते २०२१ या काळात सरकारने देशभर घरोघरी पाहणी केली. आपल्या महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या दर १०० मुलांत सुमारे ६९ मुलांचे रक्त कमी आढळले. रक्त तयार व्हायला लोह लागते. लोह अन्नातून मिळते. अन्नात ते नसले, किंवा पोटातले जंत रक्त पिऊ लागले, की मूल फिकट पडते. त्याचे खेळात मन लागत नाही आणि अभ्यासातही लागत नाही.

आजीची युक्ती

रात्री घरात बोलणे निघाले. आजी म्हणाली, "मळा आपला, अन् पोराच्या अंगात रगत न्हाई! ही गोष्ट कुनाला सांगावी?"

सून म्हणाली, "आत्याबाई, भाजी करते मी. पण तो खातच नाही. मारून खायला घालू का?"

"मारून कुनी खातं का? आधी त्याला भाजीची वळख होऊ दे."

दुसऱ्या दिवशी आजीने न्हाणीमागची जागा साफ केली. दसरा होऊन गेला होता. थंडीच्या भाज्यांची ती वेळ. आजीने नातवाला हाक मारली. दहा हात लांब आणि दोन हात रुंद जागा काठीने आखली आणि म्हणाली, "हा वाफा तुझा. यात काय लावायचं ते तू ठरव. कुनी हात लावनार न्हाई."

मुलगा चमकला. आजवर घरात त्याच्या मालकीचे दप्तरच काय ते होते. आता जमीन झाली!

बाप म्हणाला, "आई, पिकाला पाणी पुरंना. या खेळाला कुठलं आणू?"

आजी म्हणाली, "रोज आंघोळीचं पानी कुठं जातं? वाटंवर. तिथं चिखल अन् डास. तेच पानी इकडं वळवायचं."

बाप गप्प बसला. संध्याकाळी त्यानेच कुदळ घेतली आणि चारी काढून दिली. न्हाणीच्या तोंडाशी त्याने अळू लावले आणि एक केळ लावली. त्यांना जास्त पाणी चालते. फार साबणाचे पाणी मात्र वाफ्यात सोडायचे नाही, असे ठरले.

माती मोकळी केली. दोन पाट्या कुजलेले शेणखत मिसळले. मुलाने मेथी, धने आणि मुळा निवडला. धने अख्खे पेरायचे नसतात. आजीने ते वहाणेखाली हलके रगडून दोन-दोन फाका करायला शिकवले. मेथी रात्रभर भिजवली. मुळ्याचे बी ओळीत, बोटाच्या एका पेराएवढे खोल टाकले.

चौथ्या दिवशी मेथी वर आली. मुलगा ओरडत घरात आला, "आई, माझी मेथी उगवली!" धने मात्र दिसेनात. तो रोज माती उकरायला जाई. आजी म्हणे, "थांब. धन्याला आठ-दहा दिवस लागतात. समदी बियानं सारखी नसतात."

सातव्या दिवशी घात झाला. शेजारच्या कोंबड्या आल्या आणि सारा वाफा उकरून गेल्या. मुलगा रडला. जेवला नाही. आईला त्याची दया आली. ती म्हणाली, "जाऊ दे, मी बाजारातून जुडी आणते."

आजी म्हणाली, "आनू नगं. रडू दे थोडं. मग कुंपन घालंल." तसेच झाले. बापाने बाभळीच्या काट्या आणून दिल्या. मुलाने आणि त्याच्या थोरल्या बहिणीने कुंपण घातले. पुन्हा बी पेरले. त्या दिवशी मुलगा बापाला म्हणाला, "बाबा, गारपीट झाली तेव्हा तुम्हाला असंच वाटलं होतं का?" बापाने त्याला जवळ घेतले. बोलला काहीच नाही.

चुलीपाशी शाळा

महिना गेला. मेथी खुडायला आली. मुलाने स्वतः खुडली. आजीने त्याला पाने निवडायला बसवले. आधी भाजी धुवायची, मग चिरायची. चिरून धुतली तर तिचे सत्त्व पाण्याबरोबर वाहून जाते. थोरलीने भाजी चिरली. मुलाने ज्वारीचे पीठ घेतले. त्यात मेथी, तीळ, लसूण, मीठ घालून मळले. आजीने तव्यावर थालीपीठ लावले. मुलाने बोटाने त्याला भोके पाडली आणि कडेने तेल सोडले.

पहिला घास घेताच तो म्हणाला, "कडू लागतं." कोणी काही बोलले नाही. कोणी आग्रह केला नाही. त्याने दही लावून दुसरा घास घेतला. तिसरा घेतला. अर्धे खाल्ले आणि उरलेले बापाच्या ताटात ठेवून म्हणाला, "बाबा, खा. माझ्या वाफ्यातलं आहे."

दुसऱ्या खेपेला त्याने अख्खे थालीपीठ खाल्ले. मुळ्याची कोशिंबीर त्याला आवडली. मुळ्याचा पालाही भाजीत गेला. पुडा एकदम सुटला नाही. रोजचा होता, तो आठवड्यातून एकदा झाला.

तीन महिन्यांनी नर्सबाईंनी पुन्हा रक्त तपासले. रक्त वाढले होते. त्या म्हणाल्या, "गोळ्यांनी काम केलं आणि ताटानंही केलं. आता ताट सोडू नका."

यंदा बापाने मळ्यात एक ओळ घरासाठी राखली आहे. तिच्यावर तो औषध मारत नाही. त्या ओळीतला चांगला माल आधी घरात येतो.

तुम्ही काय कराल?

जागा थोडी असली तरी चालते. फुटका माठ, जुनी बादली, सिमेंटची गोणी यांतही कोथिंबीर येते. बादलीला खाली भोक पाडा, म्हणजे पाणी साचणार नाही.

पावसाळ्यात भेंडी, गवार, दोडका, भोपळा लावा. वेल कुंपणावर चढवा. थंडीत मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर लावा. उन्हाळ्यात चवळी, काकडी, भेंडी लावा. पावसाच्या तोंडाला शेवग्याची एक फांदी रोवा. शेंगा मागून येतील, पाला आधी मिळेल. शेवग्याच्या पाल्यात लोहही आहे आणि डोळ्यांना लागणारे सत्त्वही आहे.

कीड पडली तर मुलांना अळ्या वेचायला शिकवा. ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी गाळून शिंपडा.

पालेभाजीवर लिंबू पिळा. त्याने लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा देऊ नका. चहाने लोह वाया जाते.

लहान मुलाला पाने खुडू द्या, शेंगा सोलू द्या. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला पीठ मळू द्या. विळी आणि विस्तव यांजवळ मोठे माणूस पाहिजेच. हे काम मुलीला तसे मुलालाही द्या. मातीत काम करताना पायांत वहाण असू द्या आणि नंतर साबणाने हात धुवा. जंत मातीतूनही येतात.

शाळेतही पाहा. शाळेच्या दुपारच्या जेवणात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ५० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला ७५ ग्रॅम भाजी मिळावी, असा नियम आहे. शाळांनी परसबाग करावी, अशा सूचना केंद्र सरकारने २०१९ साली काढल्या. तुमच्या शाळेत बाग आहे का? नसेल तर गुरुजींना विचारा. एक दिवस कुदळ घेऊन जा.

"आम्ही शिकलेलो नाही, मुलांना काय शिकवणार?" असे म्हणू नका. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी वालाचे आणि इतर भाज्यांचे देशी बियाणे जपले. ते गावोगावच्या बायांना दिले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बी कसे राखावे, हे त्या शिकलेल्यांनाही सांगतात. तुमच्या आजीलाही त्यातले काही येत असेल. ते मुलांपर्यंत पोचले पाहिजे.

आज घरी गेल्यावर काठी घ्या. थोडी जागा आखा आणि मुलाला सांगा, "हा वाफा तुझा."

प्रश्न

१. मळा भरलेला असून मुलाचे रक्त कमी का झाले?
२. कोंबड्यांनी वाफा उकरला, तेव्हा आजीने बाजारातून भाजी का आणू दिली नाही?
३. धने पेरण्याआधी काय करतात?
४. भाजी आधी धुवावी की आधी चिरावी? का?
५. तुमच्या न्हाणीचे पाणी कुठे जाते? ते कुठे वळवता येईल? दोन ओळी लिहा.