दिवसाला दीड हजार मिळतात, मग महिनाअखेरीस जातात कुठे? लाइटमनच्या कमाईचं गणित

आजचा धडा लाइटच्या धंद्यावर. कांदिवलीत हे काम करणारी मुलं भरपूर आहेत, आणि त्याला कारण आहे जागा. १९७७ साली राज्य सरकारने गोरेगावला चित्रनगरी उभी केली. मढच्या बंगल्यांत शूटिंग वाढलं, मालिकांचे सेट मीरा रोड-नायगावकडे सरकले आणि कांदिवली बरोबर मधे आली. त्यामुळे इथल्या मुलाला वाटतं, काम दारात आहे, रोज रोकडा आहे, अजून काय पाहिजे?

चला, वही काढा. खालचे आकडे मी उदाहरणासाठी धरलेत. तुमचे वेगळे असतील, ते घाला आणि गणित स्वतः करा.

समजा शिफ्टचे १,५०० रुपये मिळतात. ऐकणारा लगेच ३० ने गुणतो आणि म्हणतो, ४५ हजार! इथेच गडबड होते. शिफ्ट म्हणजे बहुतेक ठिकाणी १२ तास. शिवाय सामान चढवणं-उतरवणं आणि जाणं-येणं वेगळं. असं महिन्याचे तीसही दिवस कोणी करत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये फेडरेशन ऑफ वेस्टर्न इंडिया सिने एम्प्लॉइजने संप केला, तेव्हा ८ तासांची शिफ्ट ही मुख्य मागणी होती, ती उगीच नाही. धरा १८ दिवस काम. हातात आले २७,०००.

आता खर्च. चारकोपमधली बैठी घरं म्हाडाने जागतिक बँकेच्या योजनेत छोट्या छोट्या प्लॉटवर वसवली. आज त्यावर मजले चढलेत आणि वरची खोली भाड्याने जाते. धरा भाडं १४,०००. वीज-गॅस २,५००, किराणा-दूध-भाजी ९,०००, मुलांची फी-क्लास ३,५००, पास-रिक्षा-मोबाइल २,५००, गावी आईवडिलांना ३,०००. बेरीज ३४,५००. म्हणजे ७,५०० कमी. तेही दवाखाना, सण आणि दर ११ महिन्यांनी करार संपला की येणारी दलाली न धरता.

३४,५०० ला १,५०० ने भागा. उत्तर २३. या घरासाठी महिन्याला २३ शिफ्ट म्हणजे ना नफा, ना तोटा. 'रेट काय?' हा प्रश्न सगळे विचारतात. तुम्ही 'वर्षाला किती दिवस?' हे विचारा. पावसाळ्यात बाहेरची कामं कमी होतात, पितृपक्षात कार्यक्रम थांबतात, मग नवरात्र ते लग्नसराई एका दिवशी दोन-दोन बोलावणी येतात. सरासरी काढल्याशिवाय रेटला अर्थ नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मालिकांच्या दुनियेत पैसे ९० दिवसांनी मिळायची पद्धत रुळलेली आहे. म्हणजे काय, विचार करा. तीन महिने घर तुम्ही चालवणार. ३४,५०० गुणिले ३, म्हणजे १,०३,५०० रुपयांचं भांडवल तुम्ही आधीच गुंतवलंय, फक्त त्याला कोणी भांडवल म्हणत नाही. ते महिना ३ टक्क्यांनी उचललं, तर व्याज ३,१०५, म्हणजे दोन दिवसांची मजुरी गेली. खरं बघायला गेलं तर लाइटमन निर्मात्याला बिनव्याजी उधार देतो आणि स्वतः व्याज भरतो!

मग धंदा कुठे आहे? सेटवर लाइट बहुधा भाड्याने येतात आणि लाइटवाल्याची माणसंही त्यांच्याबरोबरच येतात. लाइट ज्याचा, बिल त्याचं. म्हणून बरेच जण म्हणतात, सर, चार एलईडी पॅनल घेतो आणि भाड्याने लावतो. घ्या, पण आधी हेही मांडा. समजा सगळा सेट दीड लाखाचा. दिवसाचं भाडं २,५००. टेम्पो ७०० आणि मदतनीस ६०० गेले, उरले १,२००. महिन्याला ८ दिवस लागला तर ९,६००. सेट तीन वर्षं चालेल असं धरून नव्यासाठी महिन्याला ४,१६७ बाजूला टाका. राहिले ५,४३३. घरचा खड्डा ७,५०० चा होता, भरला नाही. १० दिवस लागला तरच भरतो. शिवाय एका खोलीच्या घरात स्टँड आणि केबल ठेवणार कुठे? माळ्यावर? बायकोला विचारलंत का?

माझं स्पष्ट मत आहे, आधी गिऱ्हाईक, मग लाइट. पहिले सहा महिने दुसऱ्याचा सेट भाड्याने आणा, वर थोडे ठेवा आणि पुढे द्या. गिऱ्हाईक सिनेमातलंच हवं असं नाही. ठाकूर व्हिलेजमधले क्लास लेक्चर रेकॉर्ड करतात, चारकोपच्या गाळ्यांतले कपडेवाले मालाचे फोटो काढतात, सोसायट्यांची नवरात्र आहे, बारशी आहेत. ही माणसं ९० दिवस थांबवत नाहीत. निम्मे पैसे आगाऊ मागा, लाजू नका.

बिल स्वतःच्या नावाने करणार असाल तर उद्यम नोंदणी करा. सरकारी संकेतस्थळावर ती मोफत आहे. पैसे मागणाऱ्या एजंटाला नमस्कार करा आणि पुढे जा. नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांत द्यायचे असा २००६ चा कायदा आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येतं. रोजंदारीवरच्या हाताला हे मिळत नाही, उद्योगाच्या बिलाला मिळतं. आता कायदा दाखवून भांडलात तर पुढचं काम जाईल, ही भीती खरी आहे. म्हणून भांडण नको. कोटेशनवरच '४५ दिवसांत' छापून द्या, सही घ्या आणि तिसाव्या दिवशी आठवण करा. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेपर्यंत साधारणपणे जीएसटीची नोंदणी लागत नाही, तेव्हा त्या भीतीने बिल टाळू नका.

आणि हो, उंचावर चढून, विजेच्या तारांत हात घालून करायचं काम आहे हे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा मिळतो. तुमचा आणि मदतनिसाचाही, दोघांचा काढा. बँकेत खातं असलं की फॉर्म एका पानाचा आहे.

आता गृहपाठ. मागच्या १२ महिन्यांत प्रत्यक्ष किती दिवस काम केलं आणि प्रत्येकाचे पैसे किती दिवसांनी आले, हे दोन रकाने भरा. पुढच्या व्हिडिओत याच दोन रकान्यांवरून सेट कधी घ्यायचा ते काढू.