डबा नवा, पत्ता जुनाच!

परीक्षा फॉर्मच्या शेवटच्या दिवशी अर्ध्या हॉस्टेलचं नेट बंद पडलं होतं, आठवतं? कोकणच्या पावसात लाइट गेली की लॅबमधला डीएनएस सर्व्हर लटकायचा, म्हणून त्या जागी फक्त तेवढंच काम करणारा अप्लायन्स बसवला. डबा उत्तम, पण आयपी पत्ता नवा! डीएचसीपीवाल्यांना तो आपोआप मिळाला. मी जुना पत्ता हाताने टाकलेला, म्हणून अडकलो.

डीएनएस म्हणजे नाव सांगितलं की आयपी पत्ता देणारी सोय. १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी ती मांडली. पण खुद्द डीएनएसचा पत्ता आपल्यालाच माहीत असावा लागतो!

म्हणून आधी सर्व नोंदी नव्या डब्यात भरा. तात्पुरत्या पत्त्यावर एनएसलुकअपने तपासा. मग जुन्याची केबल काढून त्याचाच पत्ता नव्याला द्या. जुना सर्व्हर आठवडाभर तसाच राहू द्या. आणि मुहूर्त? फॉर्मचा शेवटचा दिवस सोडून कुठलाही!