शुश्रूषेचा आराखडा : कालचा की आजचा?

‘नर्सिंग होम’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे डॉक्टरांचे लहानसे खासगी रुग्णालय येते. अमेरिकेत मात्र हे वृद्ध व परावलंबी माणसांचे दीर्घकालीन, पुष्कळदा अखेरचे निवासस्थान असते. तेथील प्रत्येक निवाशासाठी शुश्रूषेचा लेखी आराखडा असलाच पाहिजे, असे बंधन १९८७ च्या कायद्याने घातले.

आराखडा लिहिणे त्यामानाने सोपे. तो खरा ठेवणे कष्टाचे. समजा, एक आजीबाई दाखल झाल्या तेव्हा वॉकर धरून चालत, सर्व काही खात-पीत. तसे लिहिले गेले. पुढे त्यांना पक्षाघाताचा सौम्य झटका आला आणि पाणी पिताना ठसका लागू लागला. दिवसपाळीच्या परिचारिकेला हे ठाऊक आहे, कागदाला नाही. रात्री नवी मदतनीस येते, आराखडा वाचते आणि विश्वासाने पेला आजीबाईंच्या ओठी लावते. पाणी श्वासनलिकेत उतरले तर न्यूमोनिया होऊ शकतो. दोष कोणाचा? मदतनीस तर लिहिल्याप्रमाणेच वागली. कोऱ्या कागदाने तिला निदान कोणास विचारावयास तरी लावले असते!

तेथील नियमांनुसार दाखल झाल्यापासून ४८ तासांत प्राथमिक आराखडा, १४ दिवसांत सर्वांगीण तपासणी आणि ती पुरी झाल्यावर ७ दिवसांत संपूर्ण आराखडा तयार व्हावा लागतो. दर तीन महिन्यांनी फेरतपासणी होते. परंतु दुखणे तीन महिने थांबत नाही. म्हणून प्रकृतीत मोठा, आपोआप न निवळणारा फरक पडल्याचे ठरताच १४ दिवसांत पुन्हा सर्वांगीण तपासणी करावी लागते. हा फरक सुधारणेचाही असतो, हे सहसा विसरले जाते. स्वतःच्या हाताने जेवू लागलेल्या माणसाला भरवीत राहिल्यास त्याची परत आलेली शक्ती पुन्हा जाते. अर्थात १४ दिवस ही तपासणीची मुदत आहे. पेल्याविषयीची सूचना त्याच पाळीत लिहावयास हवी.

बदल प्रथम दिसतो तो स्नान घालणाऱ्या, घास भरविणाऱ्या मदतनिसाला. आराखडा करणाऱ्या मंडळात डॉक्टर व परिचारिकेबरोबर तिलाही स्थान आहे ते यासाठीच. निवाशाला स्वतःला त्यात सहभागी होण्याचा हक्क आहे, आणि त्याच्या इच्छेने कुटुंबीयांनाही बसता येते. आपले कोणी आप्त तेथे असल्यास आराखडा पाहावयास मागा, आणि त्यावरील तारखेनंतर आप्तांच्या चालण्यात, गिळण्यात, झोपेत, बोलण्यात काय बदलले ते एकेक करून विचारा.