पन्नाशीनंतर रेसर सायकल घेताना

धावण्याने गुडघे दुखतात म्हणून सायकलकडे वळलेली पन्नाशी-साठीची मंडळी अलीकडे माझ्या दवाखान्यात बरीच दिसतात. कुणाला २० किलोमीटर सायकलिंग असलेल्या छोट्या ट्रायथलॉनमध्ये उतरायचे असते, तर कुणाला साडेतेरा तासांत २०० किलोमीटर पुरे करायचे असतात. उत्साह कौतुकास्पदच आहे. पण महिन्या-दोन महिन्यांत काही जण आखडलेली मान आणि बधिर बोटे घेऊन परत येतात, आणि महागडी सायकल भिंतीला टेकून राहते. अशा वेळी दोष वयाचा कमी आणि सायकलच्या मापाचा जास्त असतो. फ्रान्सचे रॉबर्ट मार्शां यांनी २०१४ मध्ये वयाच्या १०२ व्या वर्षी एका तासात २६.९२७ किलोमीटर अंतर कापले होते!

सायकल घेण्यापूर्वी रक्तदाब, साखर आणि हृदयाची तपासणी करून घ्यावी. मधुमेह, रक्तदाब किंवा छातीत दुखण्याचा पूर्वेतिहास असेल, तर स्पर्धेच्या सरावाआधी डॉक्टरांचा सल्ला आवश्यकच समजावा.

माप : अनवाणी भिंतीला टेकून उभे राहा. दोन्ही मांड्यांच्या मध्ये एक जाड पुस्तक वर घट्ट धरा आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर मोजा. या आकड्याला ०.८८३ ने गुणले, की पायडल फिरते त्या मधल्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. माप ८० सेंमी असेल, तर उंची सुमारे ७०.६ सेंमी येईल. ही सुरुवात समजावी. पायडल तळाशी असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. सीट फार खाली असेल, तर गुडघ्याच्या वाटीवर ताण येतो.

हँडल : तरुण स्पर्धकांचे हँडल सीटपेक्षा बरेच खाली असते. नवशिक्याने लांब पल्ल्यासाठी बनवलेली, पुढचा भाग उंच आणि हँडल जवळ असलेली रेसर घ्यावी. हँडलवर हात ठेवल्यावर कोपर सैल राहिले पाहिजेत. शरीराचा भार तळहातावर पडला, की तिथली नस दबते आणि करंगळी व तिच्या शेजारचे बोट बधिर होते.

‘उंच बसलो तर वारा जास्त लागेल ना?’ असे मला विचारतात. खरे आहे. सपाट रस्त्यावर वेग वाढला, की बहुतेक शक्ती वाऱ्याशी झुंजण्यात जाते. पण पाच मिनिटे खाली वाकून मग दर वेळी मान सोडवायला उठणाऱ्यापेक्षा, थोडेच वाकून तासभर स्थिर राहणारा पुढे जातो.

सीट : गुबगुबीत, रुंद सीट आरामाची वाटते, पण लांबच्या पल्ल्यात तीच काचते. बैठकीची दोन हाडे नीट टेकतील एवढीच रुंदी हवी. जांघेत बधिरपणा आला, तर दुर्लक्ष करू नये. सीटचा कोन किंवा सीटच बदलावी.

गिअर आणि टायर : पुढचे लहान चाक ३४ दात्यांचे आणि मागचे सर्वांत मोठे ३२ किंवा ३४ दात्यांचे असावे. म्हणजे चढावर हलक्या गिअरमध्ये पाय भराभर फिरतात आणि गुडघे वाचतात. टायर २८ ते ३२ मिलिमीटर रुंदीचे घ्यावेत. आपल्या ठिगळ लावलेल्या रस्त्यांवर बारीक, टणक टायर उड्या मारतात. त्यात आराम जातो आणि वेगही.

वजन : दुकानदार हलकेपणाचे कौतुक सांगेल. हिशेब करा. तुम्ही ७० किलो आणि सायकल १० किलो, मिळून ८० किलो झाले. हजारो रुपये जास्त मोजून एक किलो वाचवला, तर चढावर फरक पडतो तो ऐंशीव्या हिश्श्याएवढा. सपाटीवर त्याहून कमी. तेच पैसे हेल्मेट, चांगले ब्रेक आणि जाणकाराकडून माप बसवून घेण्यावर खर्च करावेत.

पैसे देण्यापूर्वी अर्धा तास चालवून पाहू द्या, असा आग्रह धरा. नंतरचे पहिले काही आठवडे सोबत्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने चालवा. छातीत दडपण किंवा चक्कर जाणवली, तर त्याच क्षणी थांबा आणि डॉक्टरांना गाठा. मापाची सायकल घेतलीत, तर ती रोज सकाळी बाहेर निघेल, आणि आरोग्याला खरा फायदा त्या रोजच्या चालवण्याचाच आहे.