अठरा गाणी, तीन बाजू आणि दादाचं मत

प्रश्न: माझा थोरला भाऊ नव्वदच्या दशकातल्या अमेरिकन इंडी रॉकचा भक्त आहे. त्याच्या आग्रहाखातर पेव्हमेंट या बँडचा 'वाउई झाउई' ऐकला. एका सीडीत आठ-दहा बँड कोंबल्यासारखं वाटलं. दादा म्हणतो, हाच त्यांचा सर्वोत्तम अल्बम. गंमत म्हणजे, अल्बम आला तेव्हा बरेच जण तुझ्यासारखंच बोलत होते, हेही तोच सांगतो. मग तीस वर्षांत लोकांचे कान सुधारले की सवयीनं निबर झाले? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: कानांचं फारसं काही झालेलं नाही. ऐकणारी मंडळी बदलली आहेत.

१९९५च्या एप्रिलमध्ये हा अल्बम घ्यायला निघालेला माणूस मनात काय धरून होता, ते आधी पाहू. वर्षभरापूर्वीच 'क्रुकेड रेन, क्रुकेड रेन' आला होता. त्यातलं 'कट युअर हेअर' एमटीव्हीवर दिसू लागलं होतं. स्टीफन माल्कमस आणि स्कॉट कॅनबर्ग या दोन मित्रांनी १९८९ साली कॅलिफोर्नियातल्या स्टॉक्टन गावात सुरू केलेला हा बँड आता मोठा होणार, असं लोकांनी धरूनच ठेवलं होतं. निर्व्हानाच्या यशानंतर पुढचा कोण, याची शोधाशोध तेव्हा सगळीकडे चालूच होती.

आणि हाती काय पडलं? अठरा गाणी. पहिलंच 'वी डान्स', संथ, अकूस्टिक गिटारवरचं. काही गाणी सव्वा-दीड मिनिटात आरडाओरडा करून पसार होतात, तर 'हाफ अ कॅन्यन' सहा मिनिटं हटत नाही. मधेच 'फादर टू अ सिस्टर ऑफ थॉट'मध्ये पेडल स्टील गिटार कंट्री संगीताचा सूर लावते. बरंचसं ध्वनिमुद्रण मेम्फिसला झालं, तिथे हा सूर काही परका नव्हे. ताटात चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे अशी सवय असलेल्या माणसाला वाढप्यानं आधी ताक दिलं, मग ठेचा, मग श्रीखंड आणि पुन्हा ठेचा. जेवण वाईट नव्हतं हो, पण गिऱ्हाईक वैतागणारच. एलपीची तर आणखी मजा: दोन तबकड्या, गाणी तीनच बाजूंवर, चौथी बाजू कोरी.

त्या वेळी एक समज पसरला, तो अजून टिकून आहे. यश दारात आलेलं पाहून हे लोक घाबरले आणि मुद्दाम विस्कळीत अल्बम काढून त्यांनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, असा. गोष्ट छान आहे, म्हणूनच मला ती संशयास्पद वाटते. सिंगल म्हणून निवडलेल्या गाण्यांबद्दल माल्कमसनं पुढे जे सांगितलं ते फारच साधं आहे: त्या दिवसांत गांजा बराच चालू होता आणि आपल्याला ती गाणी खरंच हिट होतील असं वाटत होतं. शिवाय 'ग्राउंडेड', 'प्वेब्लो' यांसारखी काही गाणी आधीच्या अल्बमच्या वेळीच हाताळून झाली होती. म्हणजे घाबरून रातोरात केलेला हा उद्योग नव्हे. जे जे आवडत होतं ते सगळं आत घेतलं, गाळलं फार कमी.

आता दादाच्या मताकडे येऊ. १९९५ साली ज्यांना दुसरं 'कट युअर हेअर' हवं होतं, ते केव्हाच दुसरीकडे गेले. त्यांचं मत बदललं नाही. ते या विषयावर बोलायचे थांबले. आज जे बोलतात त्यात उरलेले चाहते आणि नंतर आलेले तरुण. या तरुणांनी सगळे अल्बम एकदमच, हवे त्या क्रमानं ऐकले, त्यामुळे अपेक्षाभंगाचा प्रश्नच नव्हता. २००६ साली जादा गाण्यांसह नवी आवृत्ती निघाली, तेव्हा बोलणारे मुख्यतः हेच होते. 'आता सगळ्यांना आवडतो' यातले 'सगळे' म्हणजे मागे उरलेले सगळे.

सवयीचा भागही आहेच. नुसत्या वारंवार भेटीनं एखादी गोष्ट आवडू लागते, हे रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञानं १९६८ साली मांडलं. पण सवयीनं सगळंच गोड होत नाही. पाच-सहा वेळा ऐकूनही मला 'ब्रिंक्स जॉब' ही शुद्ध टवाळीच वाटते, आणि 'ग्राउंडेड'मधल्या गिटारी मात्र पहिल्याच वेळी मनात बसल्या होत्या.

तुम्ही सुरुवात तिथूनच करा. मग कॅनबर्गचं 'केनेल डिस्ट्रिक्ट', मग 'ग्रेव्ह आर्किटेक्चर'. आणि त्यानंतर वाटलं तर पहिल्यापासून. तरीही दादाशी जमलं नाही, तर निदान 'सर्पंटाइन पॅड'वरून भांडू नका. तुमचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत ते गाणं संपलेलं असेल.