अडथळ्यांची शर्यत : मांडव्याचा अविनाश साबळे



या पाठात आपण एका धावपटूची माहिती वाचणार आहोत. हा धावपटू परदेशातला नाही, मुंबई-पुण्याचाही नाही. तो आपल्या बीड जिल्ह्यातला आहे. आष्टी तालुक्यात मांडवा नावाचे गाव आहे. त्या गावचा हा अविनाश साबळे. वयाने तो आमच्या विद्यार्थ्यांएवढा, म्हणून आम्ही त्याला 'तो' असेच म्हणू. मान मात्र मोठ्या माणसाचा देऊ.

पाठात आकडे पुष्कळ आहेत. त्यांना भिऊ नका. सावकाश वाचा. अडले तर शेजारच्याला विचारा.

शर्यत कोणती?

अविनाश जी शर्यत पळतो तिला स्टीपलचेस म्हणतात. स्टीपल म्हणजे चर्चचा उंच मनोरा. पूर्वी तिकडे इंग्लंड-आयर्लंडात लोक एका गावच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत शर्यत लावीत. आधी घोड्यावरून, मग पायी. समजा, आपल्या गावच्या देवळाच्या कळसापासून शेजारच्या गावच्या कळसापर्यंत सरळ रानातून पळायचे. वाटेत काय लागेल? बांध लागेल, काट्याचे कुंपण लागेल, ओढा लागेल. सगळे ओलांडायचे, पण थांबायचे नाही.

आता ही शर्यत मैदानावर होते. अंतर ३,००० मीटर, म्हणजे ३ किलोमीटर. वाटेत २८ वेळा लाकडी अडथळा ओलांडावा लागतो. शिवाय ७ वेळा अडथळ्यापुढे पाण्याचा खड्डा असतो. २८ आणि ७ मिळून ३५ उड्या झाल्या. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ३ फूट असते.

दुसऱ्या काही शर्यतींतले अडथळे पाय लागला की पडतात. स्टीपलचेसचा अडथळा तसा पडत नाही. त्याचे वजन ८० ते १०० किलो असते. ज्वारीचे भरलेले पोतेच म्हणा ना! त्याला धडकले तर तो जागेवरच राहतो, पडतो तो माणूस. पण नियमात एक सवलत आहे. अडथळ्यावर पाय देऊन पलीकडे गेले तरी चालते.

सुरुवात उशिरा झाली

अविनाशचा जन्म १३ सप्टेंबर १९९४ रोजी झाला. आईवडील शेतकरी. आपल्याकडचा शेतकरी म्हणजे आभाळाकडे डोळे लावून बसलेला माणूस. घरापासून शाळा सहा-सात किलोमीटर लांब होती. जायला एस.टी. नव्हती. मग पोरगं कधी चालत, कधी पळत शाळा गाठायचं. ते पळणे शर्यतीसाठी नव्हते. घंटा चुकू नये म्हणून होते.

अशी मुले आम्ही जन्मभर पाहिली. पायाला धूळ, हातात पिशवी, दम लागलेला. दिवाळी झाली की आईबाप ऊसतोडीला निघत, आणि त्यांतली कितीतरी मुले त्यांच्याबरोबर जात. वर्गात जागा रिकाम्या पडत. परत आली की काहींना वाटे, आता फार उशीर झाला, आता काय शिकायचे! हे वाक्य आम्ही फार वेळा ऐकले आहे. म्हणून अविनाशच्या आयुष्यातली वर्षे नीट वाचा.

बारावीनंतर तो सैन्यात गेला. त्याची पलटण ५ महार. आधी सियाचीनच्या बर्फात नेमणूक झाली. नंतर राजस्थानच्या वाळवंटात, मग सिक्कीममध्ये. तोवर खेळाडू म्हणून त्याचे नाव कुठेच नव्हते. २०१५ साली सैन्यातल्या रानावनातून धावण्याच्या स्पर्धेत तो उतरला. तेव्हा त्याचे वय विसाच्या पुढे होते. पुढे मध्यंतरी त्याचे वजन धावणाऱ्याला शोभणार नाही इतके वाढले. सैन्यातले प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याच्यातला गुण ओळखला. अविनाशने तीन महिन्यांत वजन उतरवले. २०१७ साली त्यांच्याच सांगण्यावरून तो स्टीपलचेसकडे वळला. पुष्कळ धावपटू ज्या वयात कसलेले असतात, त्या वयात हा नव्याने उडी शिकत होता.

घड्याळ वाचू या

शर्यतीची वेळ मिनिटे, सेकंद आणि सेकंदाचे शंभर भाग अशी मोजतात. १ सेकंदाचे १०० भाग केले, त्यांतला एक भाग म्हणजे शंभरावा भाग. रुपया आणि पैसे असतात, तसाच हा हिशेब.

या शर्यतीतला भारताचा विक्रम १९८१ साली गोपाळ सैनी यांनी केला होता. वेळ होती ८ मिनिटे ३०.८८ सेकंद. हा विक्रम ३७ वर्षे टिकला. २०१८ साली भुवनेश्वरला अविनाशने तो मोडला. त्यानंतर तो दुसऱ्या कोणाचा विक्रम मोडत नव्हता, स्वतःचाच मोडत होता. काही वेळा पाहा :

२०१८, भुवनेश्वर : ८ मिनिटे २९.८० सेकंद
२०१९, दोहा : ८ मिनिटे २१.३७ सेकंद
२०२१, टोकियो : ८ मिनिटे १८.१२ सेकंद
२०२२, बर्मिंगहॅम : ८ मिनिटे ११.२० सेकंद
२०२४, पॅरिस : ८ मिनिटे ९.९१ सेकंद

वरून खाली वाचा. आकडा लहान होत गेला. सहा वर्षांत जवळजवळ २० सेकंद कमी झाले. एका उडीत नव्हे, थोडे थोडे करून. आपण चालत गेलो तर ३ किलोमीटरला अर्धा-पाऊण तास लागतो. हा ३५ उड्या मारून सव्वाआठ मिनिटांच्या आत पोहोचतो!

पडला, तरी पोहोचला

२०१९ साली दोहा येथे जागतिक स्पर्धा होती. पहिल्या फेरीत दुसऱ्या धावपटूंच्या गर्दीमुळे अविनाशची वाट दोनदा अडली. तो पडला, उठला, पुन्हा धावला. तरीही त्याने नवा राष्ट्रीय विक्रम केला. पण क्रमांक मागे गेल्यामुळे अंतिम फेरीसाठी त्याची निवड झाली नाही. मग भारताच्या संघाने नियमावर बोट ठेवून तक्रार केली. पंचांनी शर्यतीचे चित्रण पुन्हा पाहिले. अविनाशला अडथळा झाला होता हे त्यांना पटले, आणि त्याला अंतिम फेरीत घेतले. त्या फेरीत तो १३ वा आला. पण वेळ इतकी चांगली होती की टोकियो ऑलिंपिकचे दार त्याला उघडले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. पाय त्याचे होते, पण नियम कोणीतरी वाचलेला होता. नियम ठाऊक नसता तर नुसती हळहळ उरली असती. रेशनच्या दुकानात काय, सातबाऱ्याच्या कामात काय, आपल्यालाही हेच लागू आहे.

एक फुटाचे अंतर

राष्ट्रकुल स्पर्धेत या शर्यतीवर आफ्रिकेतल्या केनिया देशाचे राज्य होते. १९९८ ते २०१८ अशा सहा स्पर्धांत सोने, चांदी, कांस्य ही तिन्ही पदके दर वेळी केनियानेच नेली. ६ ऑगस्ट २०२२ रोजी बर्मिंगहॅमला अविनाश त्यांच्यामध्ये शिरला. पहिला आला केनियाचा अब्राहम किबिवॉट. त्याची वेळ ८ मिनिटे ११.१५ सेकंद. अविनाशची ११.२०. फरक सेकंदाच्या शंभर भागांतल्या पाच भागांचा. पापणी लवायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो. हिशेब केला तर ३ किलोमीटर धावून दोघांत जेमतेम एक फूट अंतर उरले. अविनाशला रौप्यपदक मिळाले. त्याच वर्षाचा अर्जुन पुरस्कारही त्याला जाहीर झाला.

१ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधल्या हांगझो येथे आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्णपदक जिंकले. या शर्यतीत तिथे सोने मिळवणारा तो पहिला भारतीय पुरुष. त्याच स्पर्धेत ५,००० मीटर धावण्यात त्याने रौप्यपदकही घेतले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो अंतिम फेरीत पोहोचला आणि ११ वा आला. तिथवर याआधी भारताचा एकही पुरुष या शर्यतीत गेला नव्हता. भारतीय स्त्रीने मात्र ही वाट आधीच पाहिली होती. सातारा जिल्ह्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये याच शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली आणि १० वी आली. मोही गावही आपल्यासारख्याच दुष्काळी मुलखातले. माउल्यांनो, हे नाव आपल्या लेकींना जरूर सांगा.

२०२५ च्या मे महिन्यात दक्षिण कोरियात गुमी येथे अविनाशने आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्ण मिळवले. पण जुलैत मोनॅको येथे पाण्याच्या उडीला तो पडला. गुडघा दुखावला. शस्त्रक्रिया करावी लागली. त्या वर्षीची जागतिक स्पर्धा हुकली. असेही दिवस खेळाडूला येतात, आणि ते लपवायचे कारण नाही.

आपल्यासाठी काय ठेवले?

पदके त्याच्या घरी राहतील. आपल्या जिल्ह्यासाठी त्याने एक पुरावा ठेवला आहे. विशीनंतर सुरुवात करूनही माणूस जगाच्या रांगेत उभा राहू शकतो, हा तो पुरावा. चाळिशीत 'अ' गिरवणाऱ्याला कोणी हसले, तर त्याला मांडव्याची ही गोष्ट सांगा. आणि कालची वेळ कागदावर लिहिलेली असते, म्हणूनच आज किती कमी झाली ते कळते, हेही सांगा.

सांगा पाहू

१. अविनाश साबळे कोणत्या तालुक्यातला?
२. स्टीपलचेसमध्ये एकूण किती उड्या असतात?
३. १९८१ चा विक्रम किती वर्षे टिकला?
४. दोहा येथे अविनाशला अंतिम फेरीत का घेतले?
५. बर्मिंगहॅमला पहिल्या दोघांच्या वेळेत किती फरक होता?

करून पाहा

हा पाठ आज पुन्हा एकदा वाचा. वाचायला किती मिनिटे लागली ते घड्याळात पाहा. वहीत आजची तारीख घाला आणि पुढे मिनिटे लिहा. आठ दिवसांनी पुन्हा वाचा आणि खाली नवा आकडा लिहा. शेजाऱ्याच्या वहीत डोकावू नका. आपलेच दोन आकडे ताडून पाहा.