दुष्यंत दोषी की दुर्वास?

प्रश्न : ‘शाकुंतल’मध्ये राजा शकुंतलेला ओळखत नाही, याचं सगळं खापर दुर्वासांच्या शापावर फुटतं. मग कालिदासाने राजाला मोकळं सोडलं असं म्हणायचं का?

उत्तर : वरवर पाहता, हो. महाभारताच्या आदिपर्वात ना शाप आहे, ना अंगठी. तिथे शकुंतला मुलाला घेऊन दरबारात येते. राजाला सगळं आठवत असूनही तो लोकापवादाच्या भीतीने तिला झिडकारतो आणि आकाशवाणी झाल्यावर स्वीकारतो. असला नायक कालिदासाला नको होता. शाप आला, नायक वाचला.

पण शाप येतो चौथ्या अंकात. त्याआधीचा दुष्यंत पाहा. दुसऱ्या अंकात विदूषकाला राजधानीकडे धाडताना, हा अंतःपुरात बोलून बसेल या धास्तीने राजा सांगतो, ‘शकुंतलेचं ते सारं थट्टेत बोललो होतो.’ इथे तर स्मृती शाबूत आहे!

पहिला अंक त्याहून बोलका आहे. ही आश्रमकन्या आपल्याला वरण्याजोगी आहे का, ही शंका राजा चुटकीसरशी मिटवतो : माझ्यासारख्या थोराचं मन तिच्यावर जडलं, त्या अर्थी ती योग्यच असणार. त्याचं मन हाच पुरावा. पाचव्या अंकात गर्भवती शकुंतला समोर उभी राहते, तेव्हा मात्र तिचा शब्द पुरत नाही. राजाने खूण म्हणून दिलेली अंगठी हरवलेली. ती दोघांतली एक आठवण सांगते, हरिणाच्या पाडसाची. तर हा कोकिळेचा दाखला देऊन समस्त स्त्रीजातीला उपजत लबाड ठरवतो. आठवण शापाने नेली, मान्य. हे बोलणं मात्र त्याचं स्वतःचं. (किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चारच अंक ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगले. त्या प्रेक्षकांनी हा दुष्यंत पाहिलाच नाही.)

मग तीच अंगठी एका कोळ्याच्या हाती सापडते. रोहू चिरला, त्याच्या पोटात मिळाली, असं तो परोपरीने सांगतो. शिपाई त्याच्या मुसक्या बांधून बडवतात. त्याला सुळी देण्यासाठी त्यांचे हात शिवशिवत असतात. नगररक्षकांचा प्रमुख कोण? राजाचा मेहुणा. पुढे अंगठीच्या मोलाचं बक्षीस मिळतं, तेव्हा कोळी त्यातलं अर्धं शिपायांनाच देऊ करतो आणि सारी मंडळी गुत्त्याकडे वळतात. हा प्रवेश विनोदी म्हणून उरकला जातो. मला तो नाटकातला सर्वांत कठोर प्रवेश वाटतो. गरिबाच्या हाती अंगठी दिसली तर तो चोर, आणि शकुंतलेच्या हाती नाही म्हणून ती खोटी.

अंगठी पाहून आठवण परतल्यावर राजा बदलतो, हेही खरं. समुद्रात बुडालेल्या एका निपुत्रिक व्यापाऱ्याचं धन सरकारजमा व्हायचं असतं. राजा विचारतो, त्याच्या बायकांपैकी कुणी गरोदर आहे का? आहे म्हटल्यावर ते धन तो गर्भातल्या मुलाला देतो. स्वतःच्या गर्भवती बायकोला दारातून परत पाठवलेल्या माणसाने दिलेला हा निवाडा आहे. प्रायश्चित्त म्हणा हवं तर.

आणि सातव्या अंकात तो शकुंतलेचे पाय धरतो, तेव्हा शापाची गोष्ट त्याला ठाऊकच नसते. ती नंतर मारीच ऋषी सांगतात. ऐकताच राजाला हायसं वाटतं, आपण दोषातून सुटलो म्हणून. शकुंतलेला मात्र आपल्याला कधी शाप मिळाला, हे आठवतसुद्धा नाही.